तेरा फुटांची बांधणी आणि चाळीसचा आकडा

तेरा फुटी बॉस्टन व्हेलर पाहायची तर मागून पाहावी. पुढून ती फसवते. तिची नाळ बोथट, जवळजवळ चौकोनी. टोकदार नाळेला सरावलेल्या डोळ्याला वाटतं, होडी बांधता बांधता कुणीतरी मध्येच उठून गेलं असावं. मागे गेलं की मात्र तिचं सगळं म्हणणं एका उभ्या फळीपाशी येऊन थांबतं. ही फळी म्हणजे ट्रान्सम. इंजिन तिच्यावर लटकतं, धावताना तिलाच ढकलतं, आणि उभ्या होडीत त्याचं वजनही तीच पेलते. मालवण-तारकर्लीच्या वाळूत ओढून ठेवलेल्या फायबरच्या होड्यांवर पंखा वर उचललेलं जे इंजिन दिसतं, त्याच जातीचं हे आउटबोर्ड. साठच्या दशकातल्या एखाद्या व्हेलरवरचं 25 किंवा 33 अश्वशक्तीचं जुनं इंजिन उतरवून मोठं बसवायचं ठरलं, की या फळीचं आणि तिच्याखालच्या पाण्याचं वाचन सुरू होतं. मला हे वाचन फार प्रिय आहे. होडी बांधणाऱ्याने काय योजलं होतं आणि का, हे एरवी कधी इतक्या जवळून कळत नाही.

ही होडी 1958 साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बाजारात आली. पैसा, जिद्द आणि फोमची कल्पना डिक फिशर यांची. आकार रे हंट यांचा. काचतंतूंची दोन पातळ कवचं घ्यायची, एक तळाचं आणि एक आतलं, आणि त्यांच्यामधल्या पोकळीत फोम फुगवून सगळं एकजीव करायचं, अशी तिची रीत. त्यामुळे ती हलकी, ताठ आणि न बुडणारी झाली. 1961 साली ‘लाइफ’ मासिकात आलेली छायाचित्रं प्रसिद्ध आहेत: फिशर होडीत बसलेले आहेत, होडी मधोमध करवतीने कापली जाते, आणि ते मागचा अर्धा भाग इंजिनासकट चालवत निघून जातात. बहुतेकांचं लक्ष करवतीकडे जातं. माझं लक्ष जातं त्या मागच्या अर्ध्याकडे. पुढचा भाग गेला तरी ट्रान्सम, तिच्याखालचा तळ आणि इंजिन मिळून एक होडी शिल्लक राहते. व्हेलरचा जीव कुठे आहे हे त्या चित्रात उघड दिसतं.

तळ उलटा करून पाहिला तर गोष्ट आणखी खोल जाते. हंट यांनी आधार घेतला होता अल्बर्ट हिकमन यांच्या ‘सी स्लेड’चा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या होडीचा तळ नेहमीच्या उलट, मध्ये उंच आणि दोन्ही कडांना खोल होता. दोन बाजूंच्या दोन पट्ट्यांवर होडी उभी राहायची आणि मधल्या बोगद्यात पाणी आणि हवा कोंडून वर उचलली जायची. आडवी लाट आली तरी अशी होडी डुलत नाही. व्हेलरचा पहिला नमुनाही दोन पट्ट्यांचाच होता. पण बोगद्यातून मागे येणारं पाणी फेसाळलेलं असायचं आणि पंखा नेमका त्या फेसात फिरायचा. फेसात पंख्याला पकड मिळत नाही. तो नुसता भिरभिरतो आणि होडी पुढे सरकत नाही. मग हंट यांनी मधोमध तिसरी पट्टी घातली, पंख्याच्या नेमकी पुढे, त्याला घट्ट पाणी मिळावं म्हणून. व्हेलरला आज आपण तिच्या तीन पट्ट्यांवरून ओळखतो. त्यातली मधली पट्टी इंजिनासाठी जन्मली आहे, हे विसरून तिच्यावर दुसरं इंजिन चढवता येत नाही.

आता ती चालते कशी ते पाहू. पाण्याला रेटत चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून त्याला 1.34ने गुणलं की नॉटमधली ती मर्यादा येते. बारा फुटांच्या जलरेषेला ती साडेचार नॉटच्या थोडी वर, म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास पडते. त्यापलीकडे जायचं तर होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं. थ्रॉटल पुढे ढकलला की नाळ वर उचलते, पुढचं पाणी दिसेनासं होतं, मागची बाजू खड्ड्यात बसते, इंजिन जड आवाजात ओढत राहतं. मग एका क्षणी तळ सुटतो, नाळ खाली येते, आवाज हलका होतो आणि होडी पाण्याच्या पाठीवर धावू लागते. सगळं सौंदर्य या काही सेकंदांत आहे. चढण किती उंच, किती लांब, आणि माथ्यावर पोहोचल्यावर होडी कशी सपाट होते, यावरून तिच्यावरचं इंजिन तिला साजतं की नाही हे मी ठरवतो. कमाल वेगाचा आकडा त्यानंतर येतो.

25चं इंजिन आणि एकटा माणूस असेल तर व्हेलर ही चढण सहज ओलांडते. तिचा मागचा तळ सपाट आणि रुंद आहे, थोड्या जोरावरही तो तिला उचलतो. पण चार माणसं बसली, भरलेली टाकी आणि बर्फाची पेटी आली, की तेच इंजिन चढणीच्या मध्यावर अडकतं. होडी नाक वर करून, मागे भलीमोठी लाट ओढत, पेट्रोल पीत राहते. ना रेटणं ना धावणं. या अडकलेपणासाठी मोठं इंजिन हवं असेल तर ती मागणी होडीच्या स्वभावातूनच आलेली आहे आणि ती पुरी करावी. प्रश्न इतकाच की मोठं म्हणजे किती.

कारखान्याने या होडीसाठी आकडा दिला तो 40चा. या आकड्यावर मी बराच विचार केला आहे. अमेरिकेत 1972च्या नोव्हेंबरपासून बांधलेल्या, 20 फुटांपेक्षा लहान होड्यांवर क्षमतेची पट्टी लावणं बंधनकारक झालं आणि आउटबोर्डची कमाल शक्ती काढायचं सूत्रही ठरलं. फुटांतली लांबी गुणिले ट्रान्समकडची रुंदी. व्हेलर सुमारे 13 फूट 4 इंच लांब आणि 5 फूट 5 इंच रुंद, म्हणजे गुणाकार 72च्या जवळ. होडीला चाकाचं स्टिअरिंग असेल आणि ट्रान्सम 20 इंच किंवा त्याहून उंच असेल तर या गुणाकाराची दुप्पट करून 90 वजा करायचे: 54. यातली एक अट जरी पुरी होत नसेल तर 0.8ने गुणून 25 वजा: बत्तीस-तेहतीस. आणि तळ सपाट, कडा धारदार असतील तर निम्मे करून 15 वजा: 21. एकच होडी, पण स्टिअरिंग, फळीची उंची आणि तळाचा आकार बदलला की आकडा 21पासून 54पर्यंत हलतो. साठच्या दशकातल्या व्हेलरला हे सूत्र लागू नाही, तिला बांधणाऱ्याचा शब्द लागू. तो 40 या पल्ल्यात पडतो, टोकापासून बराच आत. सूत्राला होडीचं वजन ठाऊक नसतं, बोथट नाळेखाली वारा शिरला तर काय होतं हेही ठाऊक नसतं. ज्यांनी ती पाण्यात घालून पाहिली त्यांना ते ठाऊक होतं. म्हणून माझा विश्वास 40वर आहे.

अश्वशक्तीपेक्षा अवघड वाचन वजनाचं. व्हेलरची नुसती होडी सुमारे 320 पौंड, म्हणजे 145 किलो. त्या काळचं 25चं टू-स्ट्रोक 50 किलोच्या आसपास, आणि पुढच्या काळातली 40ची टू-स्ट्रोक इंजिनं साधारण 70 ते 85 किलोची. आजचं 40चं फोर-स्ट्रोक मात्र 95 ते 105 किलो भरतं. म्हणजे होडीच्या वजनाच्या दोन तृतीयांश वजन तिच्या शेवटच्या कडेवर, तेही कडेच्या बाहेर लटकलेलं. इथे एक मोह तयारच असतो. सुझुकीची 40, 50 आणि 60 ही तिन्ही इंजिनं 941 सीसीच्या एकाच ब्लॉकवर बांधलेली, वजन तिन्हींचं 104 किलोच्या घरात. वजन तेवढंच असेल तर 60 का घेऊ नये, असं कुणालाही वाटेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर वेगाकडे आल्यावर देतो. पण त्याआधी हेही पाहावं की 104 किलोला 40 म्हटलं काय नि 60 म्हटलं काय, उभ्या होडीला त्यात काही फरक नाही. ती दोन्हींखाली सारखीच दबते.

हे दबणं पाहण्यासाठी होडी पाण्यात सोडून, रिकामी, दोरीला बांधून पाहावी. मागची कड पाण्यापासून किती बोटं वर आहे? एक माणूस मागे जाऊन इंजिनाशी वाकला तर किती उरतात? तळाची कड पुढून मागे सरळ चालते की मागे बुडत जाते? जुन्या व्हेलरमध्ये आणखी एक शंका घ्यावी लागते. पन्नास-साठ वर्षांत कुठल्या तरी भोकातून फोममध्ये पाणी शिरलेलं असू शकतं, आणि एकदा शिरलं की ते सहजी बाहेर पडत नाही. असं असेल तर 145 किलो हा आकडा कागदावरच राहतो. होडी ट्रेलरसकट वजनकाट्यावर चढवावी, मग ट्रेलर वजा करावा. एवढा एक उपाय केल्याशिवाय नव्या इंजिनाच्या किमती पाहूच नयेत. वजन ठीक निघालं तर उपाय सोपे आहेत: 23 लिटरची पेट्रोलची टाकी आणि बॅटरी मागून उचलून पुढच्या बाकाखाली न्यायची. इंधन धरून टाकीचे वीसेक किलो, बॅटरीचे तितकेच. इंजिनाने मागे जे वाढवलं त्यातलं बरंचसं पुढच्या या चाळीस किलोंनी तोललं जातं. तारा आणि नळी लांबवाव्या लागतात, पण हा बदल करणारा माणूस होडी वाचून काम करतो आहे हे लगेच कळतं.

मग फळी. बाहेरून ती गुळगुळीत फायबरची, आत प्लायवूड. इंजिन धावताना पंखा खालून पुढे रेटतो. त्यामुळे ब्रॅकेटचा खालचा भाग फळीत रुततो आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. पंख्यापासून बोल्टपर्यंतचं अंतर या ओढीला गुणत जातं. जुन्या होडीत प्रत्येक पिढीने आपापली भोकं पाडलेली असतात, ती कुणी नीट बुजवलेली असतात, कुणी नाही. बोटाने आणि लहान हातोडीने फळी पूर्ण वाजवावी. कोरड्या लाकडाचा आवाज टणक आणि आखूड येतो, कुजलेल्याचा बद्द. भोकांभोवती तपकिरी ओघळ दिसला तर आत ओल आहे. जुनं इंजिन लावलेलं असतानाच त्याला अर्धं वर उचलून, पायाशी हळूच जोर देऊन फळीकडे पाहावं: ती हलली, तिच्या कोपऱ्यांना केसासारखी चीर उघडली, तर आधी फळी, मग इंजिन. फळी बदलण्याचं काम मोठं, खर्चाचं आणि कुणाला न दिसणारं. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला नवं इंजिन घेणाऱ्यांपेक्षा जास्त आदर आहे.

आउटबोर्ड मुळातच मागाहून लावायची वस्तू आहे, हे इथे सांगायला हवं. नॉर्वेत जन्मलेल्या आणि विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनी 1909 साली विकायला काढलेलं इंजिन दीड अश्वशक्तीचं आणि 62 पौंडांचं होतं. वल्ह्याच्या कुठल्याही होडीच्या मागे ते स्क्रूने आवळता यायचं. होडीला न विचारता तिचं इंजिन बदलण्याची सोय तेव्हापासूनची. एव्हिनरूडच्या नावाची इंजिनं 2020 साली बंद झाली, पण ती सोय सर्वांनी उचलली आणि तिच्यासोबत ही जबाबदारीही आली.

उंचीचं वाचन बारकाईचं. लहान होड्यांच्या ट्रान्समची प्रचलित उंची दोन: 15 इंच आणि 20 इंच. इंजिनाचा दांडा त्यानुसार आखूड किंवा लांब येतो. पंख्याच्या वर एक आडवी सपाट पट्टी असते, वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये म्हणून. ती साधारण तळाच्या रेषेत यायला हवी. 15 इंचांच्या फळीवर लांब दांड्याचं इंजिन लटकवलं तर पट्टी पाच इंच खाली जाते; पाण्याचा अडथळा वाढतो, तुषार उडतात, नाक जड होतं. आणि फार वर घेतलं तर? इथे हंट यांचं जुनं कोडं परत उभं राहतं. मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या बोगद्यांतून फेसाळ पाणी आजही मागे येतंच आहे. सरळ धावताना पंखा मधल्या पट्टीच्या सावलीत सुरक्षित असतो. वळणात होडी आडवी ओढली जाते, सावली सरकते, आणि उंच बसलेला पंखा फेसात उघडा पडतो. इंजिनाचा आवाज किंचाळत चढतो आणि होडी घसरते. म्हणून दुसऱ्या होडीवर जमलेली उंची व्हेलरवर तशीच धरू नये. ब्रॅकेटला एकाखाली एक भोकं असतात ती याचसाठी. अर्धा-पाऊण इंचाने वर किंवा खाली, आणि प्रत्येक वेळी पाण्यात जाऊन वळून पाहायचं.

पंख्यावरचे आकडे त्यामानाने सरळ आहेत. पिच 13 म्हणजे एका फेरीत तो घट्ट पदार्थात 13 इंच, 33 सेंटिमीटर, पुढे गेला असता. इंजिन मिनिटाला 5500 फेरे घेतंय आणि गिअर 2ला 1 आहे असं धरलं तर पंख्याचे फेरे 2750. मिनिटाला नऊशे मीटरहून थोडं जास्त, ताशी 54 किलोमीटर. पाणी घट्ट नाही, त्यामुळे दहा-बारा टक्के घसरण वजा करावी, उरतात 48च्या आसपास. कारखान्याने इंजिनाच्या पूर्ण थ्रॉटलला फेऱ्यांची जी कक्षा दिलेली असते, त्यात वरच्या बाजूला इंजिन पोहोचलं पाहिजे. पोहोचलं नाही तर पिच जास्त आहे, इंजिन कायम दमलेलं राहील. बदलताना जुन्याच इंजिनाचा पंखा किंवा दुकानात असेल तो पंखा चढवून मोकळं होण्याची घाई पुष्कळ जण करतात. ते मला खटकतं.

आता 60चा प्रश्न. होडीचा वेग साधारणपणे शक्ती भागिले वजन याच्या वर्गमुळाने वाढतो. 40वर ताशी 50 किलोमीटर मिळत असतील तर 60वर, वजन तेच धरून, 61 मिळतील. दीडपट शक्ती, पाचव्या हिश्श्याची वाढ. त्या वेगाला होडीत साठलेली ऊर्जा मात्र जवळजवळ दीडपट होते, आणि ती 145 किलोच्या, सपाट तळाच्या, बोथट नाळेच्या होडीला सांभाळायची असते. हंट यांना वेगाची होडी कशी काढायची हे ठाऊक नव्हतं असं नाही. 1960च्या मायामी-नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात सर्वांना मागे टाकणारी ‘मॉपी’ त्यांच्याच खोल ‘व्ही’ तळाची होती. लाट कापत जाणारी, जड, मोठ्या शक्तीसाठीच आखलेली. एकाच हाताने दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोन वेगळी उत्तरं लिहिली, कारण प्रश्न वेगळे होते. व्हेलरच्या उत्तरात थोडी शक्ती, पुष्कळ माणसं, उथळ पाणी आणि न डुलणारी बैठक आहे. साठच्या वेगाला तिचा तळ पाण्यावरून सुटू लागतो. नाक तालात वरखाली उसळतं, कधी होडी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डुलू लागते, म्हणजे जी बैठक तिचा सर्वांत मोठा गुण तोच हरवतो. संस्कृत काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने औचित्याला रसाचं जीवित मानलं. या होडीवर 60चं इंजिन पाहिलं की मला ते पटतं: इंजिन निर्दोष असतं, होडीही निर्दोष असते, आणि दोन्ही मिळून बेसूर.

उलट 25वरून 40वर जाण्यात मिळतं ते मनापासून वाखाणावं असं आहे. शक्तीचं प्रमाण 1.6, त्यामुळे वजन तेच धरलं तर हलक्या होडीत वेग पाव हिश्श्याने वाढतो. पण खरी भर मधल्या वेगांत पडते. चार माणसं घेऊन ती चढण न अडखळता पार करते. माथ्यावर पोहोचल्यावर थ्रॉटल मागे घेता येतो, आणि फोर-स्ट्रोक असेल तर साडेतीन-चार हजार फेऱ्यांवर होडी इतक्या शांतपणे धावते की मागच्या बाकावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. जुन्या टू-स्ट्रोकचा निळा धूर आणि ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास काही जणांना हवाहवासा वाटतो. मला ही नवी शांतता या होडीला अधिक शोभते असं वाटतं.

स्टिअरिंगची केबल याच वेळी बदलावी. 25च्या ओढीला पुरलेली, आतून गंजलेली केबल 40च्या ओढीला पुरेल असं गृहीत धरू नये. विम्याच्या कागदावर नव्या इंजिनाची नोंद करावी. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला लावावी; अमेरिकेत 1 एप्रिल 2021पासून बहुतेक लहान होड्यांना ती सोय असेल तर वापरणं सक्तीचं आहे, पण कायदा नसता तरी तेरा फुटांच्या होडीत तिला पर्याय नाही.

हे सगळं झालं की शेवटची परीक्षा वळणाची. मोकळं पाणी, दोन माणसं, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट. आधी ताशी 25 किलोमीटरला वळावं, मग 30ला, मग थोडं वाढवत. व्हेलर वळताना इतर होड्यांसारखी आत झुकत नाही. आतली पट्टी पाणी धरते आणि ती जवळजवळ सपाटच फिरते, बसलेल्यांना बाहेरच्या बाजूला ओढ जाणवते. ही फिरत्या गतीतली सपाटी मला तिच्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ती टिकून राहिली आणि पंख्याने पाणी सोडलं नाही, तर बोल्ट कायमचे आवळावेत, भोकांच्या कडांना सीलंट भरावं. वळणात आवाज किंचाळला, तर किनाऱ्याला यावं आणि इंजिन एका भोकाने खाली घ्यावं.